शून्य रुपयांची पावती, अर्थात बंगळुरूची ईव्ही पुण्यात आणताना

गाडीला एमएच १२ नंबर मिळाला, नवी हिरवी पाटी पण लागली, तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहून टाकतोय. कोणी बाहेरच्या राज्यातली इलेक्ट्रिक गाडी पुण्यात आणत असेल तर निदान त्याच्या तरी दोन चकरा वाचतील.

गाडी घेतली २०२२ ला, नोकरीसाठी बंगळुरूत होतो तेव्हा. कर्नाटकात तेव्हा ईव्हीला रोड टॅक्स पूर्ण माफ होता, २५ लाखांच्या वरच्या गाड्यांना १० टक्के लावला तो नंतर, २०२४ ला, आणि आपली गाडी काय त्या लायनीतली नाही. महाराष्ट्रात पण माफच. २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांच्या वरच्या ईव्हीला ६ टक्के लावायचं चाललं होतं ते पण सरकारने मागे घेतलं. म्हणजे तिकडे शून्य, इकडे शून्य. पेट्रोलवाल्यांना इकडे टॅक्स भरा आणि तिकडचा परत मिळवायला खेटे घाला असा ताप असतो, आपल्याला काय, महिन्याभरात होतंय बघ असं बायकोला छातीठोकपणे सांगितलं. ती अजून ते वाक्य ऐकवते.

लोन फिटलं होतं, बँकेचा फॉर्म ३५ आला, बोजा उतरला. गाडी चालवतच आणली, साधारण साडेआठशे किलोमीटर, चार्जिंगसाठी हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असं करत, प्रत्येक ठिकाणी वेगळं ॲप आणि प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये आधी पैसे टाका. एकात माझे दोनशे बारा रुपये अजून अडकलेत.

आता एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. दुसऱ्या राज्यात गाडी न्यायची तर जिथे पासिंग झालं त्या ऑफिसची एनओसी लागते, फॉर्म २८, सोबत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ऑनलाइन अर्ज भरला, फी भरली, कागद मित्राबरोबर बंगळुरूच्या आरटीओत पाठवले. आठवड्याने त्याचा फोन, लाइफ टाइम टॅक्सची पावती मागतायत. म्हटलं टॅक्सच नव्हता तर पावती कुठली? मग वाकडवरून रात्रीची स्लीपर पकडून स्वतः गेलो. खिडकीवरचे साहेब म्हणाले, टॅक्स माफ होता ना, मग माफ असल्याची पावती दाखवा. शोरूमच्या बिलावर रोड टॅक्स ० असं छापलेलं होतं ते दाखवलं, तर म्हणे हे शोरूमचं झालं, आमच्याकडे टॅक्सचा रकाना रिकामा दिसतोय. शून्य म्हणजे माफ आणि रिकामा म्हणजे बाकी, हे मी इंजिनिअर असून त्या दिवशी शिकलो.

त्यावर कडी म्हणजे पीयूसी मागितली! बॅटरीच्या गाडीला पीयूसी लागत नाही हो, धूर निघायला सायलेन्सर तर पाहिजे. हे मी हिंदीत सांगितलं, मित्राने कन्नडमध्ये सांगितलं, शेवटी मागे रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने सांगितलं तेव्हा पटलं.

परत आलो. इकडे बसून कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ मध्ये स्पष्ट आहे की ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असंच समजायचं. खूष झालो. पण समजणार कोण? गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी वाहन पोर्टलवर स्टेटस पेंडिंग असेल तर पुण्यात अर्ज पुढे सरकतच नाही, कॉम्प्युटर काही समजून घेत नाही. चाळिसाव्या दिवशी परत स्लीपर. या वेळी बाजूच्या टेबलवरच्या मॅडमनी माफीच्या आदेशाची नोंद त्या रकान्यात टाकली. चार मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं.

खरं तर बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा भारत सिरीजचा नंबर, घेतला असता तर हे सगळं टळलं असतं, पण खाजगी नोकरीवाल्यांना तो कंपनीची चार राज्यांत तरी ऑफिसं असतील तरच मिळतो आणि आमच्या कंपनीची दोनच. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर नंबर बदलावाच लागतो, तेव्हा बघू नंतर करू नका. आणि गाडी चोरीची नाही हा दाखला एनसीआरबीच्या (केंद्राचं गुन्ह्यांची नोंद ठेवणारं खातं) साइटवर फुकट निघतो, एजंटला त्याचे पैसे देऊ नका, मी दिले.

पुण्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. नव्या नंबरसाठी फॉर्म २७, गाडी दाखवली, इन्स्पेक्टरने बॉनेट उघडून चेसिस नंबर ताडून पाहिला, झालं. टॅक्स शून्य, आणि त्याची छापील पावती! ती मी लॅमिनेट करून घेतलीय.

आता पुढची पाळी हायड्रोजनवाल्यांची. मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनच्या ३७ बस-ट्रकच्या चाचण्यांना केंद्राने मंजुरी दिली, त्यात पुणे-मुंबई मार्ग पण आहे. वाहन पोर्टलवर इंधनाच्या यादीत फ्युएल सेल हायड्रोजन असा पर्याय आत्ताच दिसतो. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमधून पाण्याची वाफ निघते म्हणे, म्हणजे त्यांची पीयूसी मागायला तर चांगलं निमित्तच आहे.

अजून एक राहिलंच, नंबर बदलला की फास्टॅगवर पण बदलून घ्या. मी विसरलो आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मागच्यांचे हॉर्न ऐकत दहा मिनिटं उभा होतो.