एक ते दीड

इंदूरमधल्या सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्यात मी पाच वर्षं पॅकिंगला होते. हजेरीच्या खोलीत कामाच्या वेळांची नोटीस लावलेली होती: सकाळी 9 ते संध्याकाळी 5.30, मध्यंतर 1 ते 1.30. येता-जाता ती नोटीस डोळ्यांवर यायची, आणि रोज एक ते दीड मी मशीनवर उभी असायचे.

आमचं जेवण व्हायचं ते फिल्मचा रोल बदलताना. शेवेच्या पाकिटांचा छापील रोल संपला की मशीन थांबायचं, ऑपरेटर नवा रोल चढवून छाप जुळवायचा, त्यात सहा-सात मिनिटं जायची. तेवढ्यात पोळीत भाजी गुंडाळायची आणि पेट्यांच्या आडोशाला उभ्या उभ्या खायची. हातांना मीठ-तिखट तसंच असायचं, कारण नळापर्यंत जाऊन येईतो मशीन सुरू झालेलं असे. रोल कधी बाराला संपायचा, कधी अडीचला.

2018 मध्ये राखीनंतर दिवाळीच्या ऑर्डरी लागल्या आणि तेवढीही सवड राहिली नाही. माझ्या शेजारी उभी राहणारी एक भाभी शुगरची पेशंट. सकाळी गोळी घेऊनच यायची. एका दुपारी पावणेतीनला ती ट्रेवरच कलली. अंगाला घाम, हात थंडगार. मी तिच्या तोंडात साखर घातली, जरा वेळानं तिनं डोळे उघडले. सुपरवायझर म्हणाला, "भाभी, घर से खाकर आया करो."

त्या रात्री मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. नाना इंदूरच्या कापड मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तुमच्याकडे भोंगा नाही का होत जेवणाचा?"

"नाना, मशीनच बंद होत नाही."

त्यांनी ट्रंकेतून कारखाना अधिनियम 1948 ची पिवळी पडलेली हिंदी प्रत काढली आणि कलम 55 वर बोट ठेवलं. त्यात होतं: सलग पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती द्यावीच लागते. कलम 44 मध्ये उभ्यानं काम करणाऱ्यांना मध्ये टेकता यावं म्हणून बसायची सोय. कलम 59 प्रमाणे दिवसाचे नऊ किंवा आठवड्याचे 48 तास ओलांडले की दुप्पट दरानं ओव्हरटाइम. मी हिशेब मांडला. रोज साडेआठ तास, सहा दिवस, म्हणजे 51. दर आठवड्याला तीन तास आम्ही फुकट राबत होतो, कारण कागदावर ती आमची विश्रांती होती. ते आकडे बघून मला रडू आलं.

भीती एकच होती, नाव फुटलं तर? त्याचंही उत्तर त्याच पुस्तकात निघालं. कलम 118-क: तक्रार कुणी केली हे निरीक्षकानं गुप्त ठेवायचं, आणि तपासणी तक्रारीवरून होते आहे हेही मालकाला सांगायचं नाही. हे कलम फार थोड्या कामगारांना माहीत असायचं. मला ते आधी माहीत असतं तर मी पाच वर्षं गप्प बसले नसते.

अर्ज घेऊन मी आधी श्रम कार्यालयात गेले. तिथं नीट सांगितलं गेलं की कारखान्यातल्या कामाच्या वेळा औद्योगिक आरोग्य आणि सुरक्षा विभाग बघतो, आणि त्याचं संचालनालय इंदूरलाच आहे. माझी अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, पण पत्ता कळला.

खरी अडचण पुराव्याची. नाना म्हणाले, "रजिस्टरात मध्यंतर भरलेलंच असणार. तू काय दाखवशील?" मग मी दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि रोज लिहू लागले. "मंगळवार. पहिला घास 2.10. सहा मिनिटं. रोल." अशा 24 दिवसांच्या नोंदी झाल्या. त्यांत एकदाही पंधरा मिनिटं सलग मिळालेली नव्हती.

पण सगळ्यात उपयोगी पडली ती भिंतीवरची नोटीस. लावलेल्या वेळांबाहेर काम घेता येत नाही, असं कलम 63 सांगत होतं. म्हणजे एक ते दीड मशीन चालू सापडलं तर मालकाचाच कागद मालकाच्या विरुद्ध जातो. हिंदीत अर्ज लिहिला, वहीच्या झेरॉक्स जोडल्या, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली आणि शेवटी लिहिलं: कृपया तपासणी एक ते दीडच्या दरम्यान करावी. रजिस्टर्ड एडीनं पाठवला.

पाच आठवडे काही नाही. मग एक दिवस सव्वाला निरीक्षक आले. आधी नोटीस वाचली, मग घड्याळ पाहिलं, मग चालू मशीनसमोर येऊन उभे राहिले. मॅनेजरला बाहेर थांबायला सांगून पाच-सहा जणींना एकेकट्या विचारलं, "खाना कब खाया?" माझ्याकडे त्यांनी वेगळं असं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या सोमवारी एक वाजता मशीन बंद झालं. डबा उघडायला कुणी धजेना, सगळ्या सुपरवायझरकडे बघत बसल्या. शेवटी भाभी उठली, नळावर गेली आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग एकेक करून आम्ही सगळ्या उठलो. आठवड्याभरात स्टुलंही आली. जेवणाची वेगळी खोली मी अर्जात मागितली होती, ती मिळाली नाही. तो नियम दीडशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना होता आणि आम्ही सत्तरेक जण. मागच्या ओव्हरटाइमचे पैसेही नाही मिळाले. त्यासाठी नावानिशी दावा करावा लागणार होता, आणि त्याला कुणी तयार झालं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता कुणी अर्ज करणार असेल तर माझी कलमं जशीच्या तशी उतरवू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामाच्या जागेची सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती यांची 2020 ची संहिता लागू झाली आहे. तिच्यात दिवसाचं काम आठ तासांचं आहे, आणि मध्ये किती विश्रांती हे सरकार अधिसूचनेनं ठरवतं. आज कोणता नियम चालू आहे ते आधी विचारून घ्या. वही मात्र आजपासूनच लिहायला घ्या.

मी ती नोकरी सोडली. भाभी अजून तिथंच आहे. कधी कधी एक वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन येतो आणि बोलता बोलता ती जेवत असते.