नुसतं "सोरायसिस" लिहून कसं चालेल?

आज मेडिकल कोडिंग करताना (डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड द्यायचं माझं काम) एक चार्ट, म्हणजे पेशंटच्या तपासणीचा कागद, समोर आला आणि जीव नुसता तळमळला. अमेरिकेतला पेशंट. तपासणीत सगळं व्यवस्थित लिहिलंय, दोन्ही कोपरं आणि गुडघ्यांवर जाड लालसर चट्टे, वर चंदेरी पापुद्रे, नखांना बारीक खड्डे, सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली... आणि खाली निदानात फक्त एक शब्द, सोरायसिस. बस्स.

आता वर्णन वाचून मला कितीही कळलं ना की हा प्लाक, म्हणजे जाड चट्ट्यांचा, प्रकार दिसतोय आणि सांध्यांचंही काहीतरी आहे, तरी निदान डॉक्टरांनीच लिहायचं असतं, कोडरने अंदाज बांधायचा नसतो, त्यामुळे माझ्या हातात उरतो एल४०.९ हा कोड, म्हणजे प्रकार सांगितलेला नाही. प्लाक लिहिलं असतं तर एल४०.०, गटेट (थेंबांसारखे बारीक ठिपके) असतं तर एल४०.४, सांधे धरलेत असं लिहिलं असतं तर एल४०.५ मधला एखादा. आणि हे नुसते आकडे नाहीत हो, या आजारावरची बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीतल्या ठरावीक घटकांना रोखणारी औषधं) भयंकर महाग, इन्शुरन्सवाले मंजुरी देताना आजाराचा प्रकार, किती टक्के त्वचेवर पसरलाय, आधी काय औषधं झाली हे सगळं बघतात. कागद अर्धवट असला की मंजुरी लांबते आणि तिकडे तो माणूस खाजवत बसतो.

डॉक्टरांना क्वेरी पाठवलीये. तोवर चार्ट होल्डवर. इथले कुणी स्किनचे डॉक्टर वाचत असतील तर कळकळीने सांगते, प्रकार, जागा आणि सांधे, एवढं निदानाच्या ओळीत लिहाच प्लीज.