तुम्ही विचारलंत म्हणून: कस्टरचा मुक्काम हलवताना

सप्टेंबर उजाडला की हाच प्रश्न येतो: "घर गाडीवरच आहे ना? मग किल्ली फिरवायची आणि निघायचं! तीन दिवस कशाला लागतात? आणि इतकी आवडती जागा सोडताना वाईट नाही वाटत?"

वाटतं. म्हणून तर तीन दिवस लागतात.

साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समधलं कस्टर हे गाव साधारण ५,३०० फुटांवर आहे. जूनपासून तिथे एकाच जागी उभी असलेली मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, सप्टेंबरपर्यंत अक्षरशः रुजते. पाण्याची नळी, मैलापाण्याची नळी, विजेची केबल, गाडी समतल ठेवणाऱ्या जॅकखाली जमिनीत रुतलेल्या फळ्या. एका सकाळी घाईनं हे सगळं उपटायला गेलं की काहीतरी मोडतं, आणि जागेकडे डोळे भरून बघायचं राहून जातं ते वेगळंच.

बरेच जण कस्टर स्टेट पार्कमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी होणारी बायसनच्या, म्हणजे अमेरिकी रानगव्यांच्या, कळपाची हाकणी बघून निघतात. तोवर रात्री पारा ३२ फॅरनहाइटच्या, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या, खाली जायला लागलेला असतो. त्या दिवसांत दुपारीच गाडीतली पिण्याच्या पाण्याची टाकी भरून घ्यावी, रात्री बाहेरची नळी काढून रिकामी करावी आणि गाडीतल्या पंपावर भागवावं. नळीत बर्फ झाला तर नळी फुटतेच, शिवाय कॅम्पग्राउंडच्या नळालाही धोका असतो.

पहिला दिवस कोरड्या कामांचा. स्लाइड, म्हणजे भिंतीचा बाहेर सरकणारा भाग, तीन महिने उघडाच असतो. त्याच्यावरच्या कापडी छतावर पाँडेरोसा पाइनच्या सुया साचतात: बोटाहून लांब, टोकदार आणि राळेनं चिकट झालेल्या. कापड गुंडाळताना त्या आत गेल्या तर कापडाला भोकं पडतात. सीलखाली त्यांचा गुंता अडकला तर पुढच्या पावसात पाणी थेट आत येतं. ओल्या सुया निघत नाहीत, म्हणून दव वाळल्यावर, दुपारी शिडी लावून मऊ झाडूनं झाडायच्या. नंतर स्लाइड एकदा आत-बाहेर करून बघावी. उन्हानं रबराचं सील भिंतीला चिकटलेलं असतं. एकानं बटणापाशी राहावं, एकानं बाहेर. दोन इंच हलवा, थांबा, सील कुठे दुमडलंय का ते बोट फिरवून बघा, मग पुढे. दुमडलेलं रबर तसंच आठवडाभर राहिलं की घडी कायमची.

त्याच दिवशी उंदरांची पाहणी करावी. थंडी पडली की ते इंजिनाच्या एअर फिल्टरच्या डब्यात कापूस-गवत भरून घर करतात. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. इथल्या डिअर माउस जातीच्या उंदरांमुळे हंटाव्हायरस होऊ शकतो, आणि तो धुळीतून श्वासात जातो. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग ओल्या कागदानं टिपून घ्या.

दुसरा दिवस टाक्यांचा. नवे लोक इथेच चुकतात. मैलापाण्याची जोडणी कायम आहे म्हणून ते ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह महिनोन् महिने उघडा ठेवतात. पाणी वाहून जातं, घन तेवढं तळाशी साचत जातं आणि सुकून त्याचा ढीग होतो. मग निघायच्या दिवशी व्हॉल्व्ह ओढला तरी काही येत नाही. व्हॉल्व्ह बंदच ठेवावा आणि टाकी दोन तृतीयांश भरली की सोडावी. ४० गॅलनची टाकी असेल तर साधारण २७ गॅलनला. इतकं पाणी एकदम सुटलं तरच घन वाहून जातं. शेवटचे दोन दिवस ग्रे टँकचाही, म्हणजे मोरी-अंघोळीच्या पाण्याच्या टाकीचाही, व्हॉल्व्ह बंद ठेवावा, म्हणजे आधी ब्लॅक सोडून मागाहून ग्रेच्या साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. शेवटी रिकाम्या ब्लॅक टँकमध्ये १३ गॅलन स्वच्छ पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घालावा. वजन शंभरेक पौंड वाढेल, पण रस्त्यावरच्या हिंदकळण्यानं टाकी जेवढी स्वच्छ होते तेवढी दुसऱ्या कशानंही होत नाही. पुढच्या मुक्कामी सोडून द्यायचं.

दुपार शेजाऱ्यांची. उरलेलं सरपण बरोबर नेऊ नका. सालीखालची कीड त्याच्याबरोबर नव्या जंगलात जाते. सरपण शेजाऱ्याच्या चुलीपाशी रचून ठेवायचं. कोथिंबीर-पुदिन्याच्या कुंड्याही देऊन टाकायच्या. कढीपत्त्याचा जीव लागलेला असतो हे आम्हांला ठाऊक आहे, पण तो लिंबाच्याच कुळातला. हिवाळ्याला ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियात जाणार असाल, तर तिथे या कुळातली झाडं आणण्यावर कडक बंधनं आहेत. शेजारणीचा डबा मात्र रिकामा परत करायचा नाही, हे कस्टरमध्येही तितकंच खरं.

संध्याकाळ सिल्व्हन लेकची. मोटरहोम घेऊन नव्हे: नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आहे आणि मोटरहोम साडेआठ. छोट्या गाडीनं जा, तळ्याभोवतीची मैलभराची वाट चाला. ऊन असेल तर पाँडेरोसाच्या जुन्या खोडाला नाक लावा, सालीच्या भेगांतून व्हॅनिलासारखा वास येतो. ॲस्पेनची पानं पिवळी झालेली असतात. या तासासाठी बाकीची कामं आधी उरकायची.

तिसऱ्या सकाळी आधी टायर, गार असतानाच. तापमान १० अंश फॅरनहाइटनं उतरलं की या टायरांतला दाब साधारण २ पीएसआयनं (दर चौरस इंचाला २ पौंडांनी) उतरतो, त्यामुळे जूनमध्ये बरोबर असलेला दाब आता कमी दाखवणारच. टायरवर छापलेला आकडा कमाल वजनासाठीचा असतो. आपल्या ॲक्सलच्या वजनावरून टायर कंपनीच्या तक्त्यात बघून हवा भरावी. मग वीज: आधी एसी-हीटर बंद, मग खांबावरचा ब्रेकर, त्यानंतरच प्लग. चालू भारावर प्लग ओढला तर ठिणगीनं पिना जळतात. पिन काळवंडलेली दिसली तर पुढच्या मुक्कामी ती लावू नका, बदला. वॉटर हीटरचं बटण आठवणीनं बंद करा. हीटरची टाकी रिकामी असताना विजेची कॉइल मिनिटाभरातही जळू शकते. आधी जॅक उचलायचे की आधी स्लाइड आत घ्यायची, हे कंपनीनुसार बदलतं, पुस्तिका बघा. फळ्यांखालचे खड्डे मातीनं बुजवा. चुलीच्या राखेत पाणी ओतून ढवळा आणि वरून हाताची पालथी बाजू धरा. ऊब लागली तर आणखी पाणी.

ऑफिसात चावी देताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. पुढच्या जूनसाठी तीच जागा तिथेच, त्याच वेळी लिहून घ्यायला सांगावी.

मग गाडी पन्नास फूट पुढे घेऊन थांबवा आणि रिकाम्या जागेवर चालत परत या. नळाकडे बघा: पाण्याचा दाब कमी करणारा पितळी रेग्युलेटर हमखास तिथेच राहतो. टेबलाखाली, खांबामागे बघा. थोडा वेळ नुसतं उभं राहिलात तरी चालेल, घाई नाही. दक्षिणेचा ३८५ नंबरचा रस्ता विंड केव्ह नॅशनल पार्कमधून जातो आणि सकाळी लवकर त्यावर बायसन उभे असतात. दहाच्या आधी निघूच नये.