बाटलीच्या तळाशी

आदल्या रात्री साडेनऊनंतर लोकल बंद पडल्या. कुर्ला-सायनच्या मधे रुळांवर पाणी आणि हिंदमाताला नेहमीसारखा तलाव. डोंबिवलीला घरी पोचणं शक्य नव्हतं, म्हणून मी आणि आमचे शिपाईकाका दादरच्या ऑफिसातच थांबलो. नकाशे पसरायच्या मोठ्या टेबलावर चादर टाकून मी आडवी झाले होते. पहाटे पावणेसहाला फोन वाजला.

"ताई, बांधाच्या पायथ्याला पाणी येतंय. काल नव्हतं."

फोन शहापूर तालुक्यातल्या एका गावच्या पाणीवाल्या काकांचा होता. ग्रामपंचायतीचा पंप चालू-बंद करणं, टाकीत पावडर टाकणं, व्हॉल्व्ह फिरवणं हे त्यांचं काम. भातसा आणि तानसा याच तालुक्यातले, मुंबईच्या नळाचं बरंचसं पाणी तिथूनच येतं, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर फिरतात. या गावाचं नशीब थोडं बरं. जवळच्या ओढ्यावर मातीचं एक छोटं धरण आहे, 9 मीटर उंच आणि 180 मीटर लांब. त्यावर तीन वस्त्यांची नळयोजना चालते. मे महिन्यात ग्रामपंचायतीने बोलावलं म्हणून मी त्याची पाहणी करून आले होते.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटरमधली काही धरणंही त्यात येतात, पण 9 मीटरचं येत नाही. म्हणून मेमध्ये मी काकांच्या हातात दोनशे पानी वही दिली होती. रोज सकाळी तीनच गोष्टी लिहायच्या: साठ्यातल्या मोजपट्टीवर पाणी किती, सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवरून, किती वाहतंय, आणि पायथा ओला की कोरडा. त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. 'काल नव्हतं' हे ते इतक्या खात्रीने म्हणाले ते त्या वहीमुळे.

मी पहिला प्रश्न विचारला, "काका, पाणी कसं आहे? नितळ की गढूळ?"

मातीचं धरण झिरपतंच. झिरपलं म्हणजे फुटणार असं अजिबात नाही. नितळ पाणी येत असेल तर पाणी एकटंच येतंय. गढूळ असेल तर ते आतली माती घेऊन येतंय. मग आत नळी तयार होते, ती मागे मागे साठ्याकडे सरकत जाते, आणि शेवटच्या तासाभरात कुणाच्याच हातात काही राहत नाही.

पण पावसात, अर्धवट उजेडात, चिखलात उभं राहून नितळ-गढूळ ठरवणार कसं? मी म्हटलं, रिकामी पाण्याची बाटली घ्या, जिथून पाणी येतंय तिथेच तोंड लावून भरा, दहा मिनिटं कठड्यावर ठेवा आणि मग व्हिडिओ कॉल करा. पायथ्याला रेंज नसते, त्यासाठी बांधाच्या माथ्यावर चढून यावं लागतं. ते तसे चढून आले. पहिली बाटली जवळजवळ स्वच्छ होती. दर अर्ध्या तासाने एक भरायला सांगितली आणि कपाटातून मेमधला माझा कच्चा नकाशा काढला. त्यावर मीच लाल पेनने खूण केली होती: 'विमोचकाचा पाइप, साखळी 95 मीटर, वर उंबर, तोडावा.' विमोचक म्हणजे धरणातून पाणी सोडायची सोय, आणि साखळी म्हणजे बांधाच्या टोकापासूनचं अंतर. उंबर तोडला नव्हता. नवं पाणी त्या पाइपापासून चार हातांवर येत होतं.

माझ्या पोटात गोळा आला. भरावातून जाणारा पाइप ही मातीच्या धरणाची सगळ्यात नाजूक जागा. पाइपाच्या बगलेत माती नीट ठोकून बसवता येत नाही आणि पाणी ती फट बरोबर शोधतं. 12 जुलै 1961 ला पानशेत गेलं, तेव्हाही दुखणं विमोचकापाशीच होतं. त्याच्या वरचा भराव खचला आणि जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले.

साडेसातच्या तिसऱ्या बाटलीत फरक दिसला. काकांनी बाटली मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरली, मागे दुसऱ्या कुणीतरी टॉर्च लावला. वरचं पाणी चहाच्या पाण्यासारखं आणि तळाला बोटाच्या पेराएवढा पिवळसर थर. हलवल्यावर तो धुरासारखा वर आला आणि पुन्हा खाली बसू लागला. इतकी बारीक माती धरणाच्या मधल्या चिकणमातीच्या गाभ्याचीच असणार. मी अजून तो व्हिडिओ पुसलेला नाही.

"काका, आता आधी माणसं."

धरणाच्या खालच्या बाजूला अर्ध्या किलोमीटरवर 34 घरांचा पाडा. पण घरं तर रिकामीच होती. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, सगळे सकाळपासून बांधाखालच्या खाचरांत गुडघाभर चिखलात. सरपंचताईंना फोन लावला. त्या एकदाच म्हणाल्या, "नक्की का हो मॅडम? एक दिवस गेला तर रोपं वाळत नाहीत, पण उद्या कोणी माझं ऐकणार नाही." मी म्हटलं, नक्की नाही, म्हणूनच आत्ता. मला तिवरे आठवत होतं. चिपळूण तालुक्यातलं ते धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी माणसांसकट वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. सरपंचताईंनी पुढे एक शब्द विचारला नाही. देवळाचा भोंगा लावला आणि नऊच्या आत सगळ्यांना उंचावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेलं. तहसील कार्यालयाला त्यांनीही कळवलं, मीही कळवलं. तिथून माणसं निघाली, पण घाटरस्त्यावर दरड होती.

आता पाणी उतरवायचं. व्हॉल्व्ह उघडू नका असं मी आधीच बजावलं होतं. पाइपाच्या बगलेतून गळत असताना त्याच पाइपात पाणी सोडायला मी धजावले नाही. मग राहिला सांडवा. काका फोन धरून सांडव्यापर्यंत चालत गेले आणि पडद्यावर मला जे दिसलं ते मेमध्ये नव्हतं. मासेमारीच्या ठेकेदाराने जूनमध्ये सांडव्याच्या तोंडावर जाळी बांधली होती, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. जाळीत गवत, फांद्या, प्लॅस्टिक अडकून भिंतच झाली होती आणि साठ्याचं पाणी दीड फूट जास्त चढलं होतं. राग आला, पण तो माणूस तरी कुठे वाईट होता? त्याचं पोट त्या माशांवर, आणि सांडवा कशासाठी असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. विळे आणि कोयते घेऊन पोरांनी, कमरेला दोर बांधून, बाजूने थोडी थोडी जाळी कापली. एकदम कापू नका, हे मी दहा वेळा ओरडून सांगितलं. साडेअकरापर्यंत पट्टीवर फूटभर उतार दिसला.

तिकडे पायथ्याला वेगळीच घाई चालली होती. काही जण काळी माती पोत्यात भरून ते भोक बुजवायला निघाले होते. चांगल्या मनाने चाललेलं ते सगळ्यात धोक्याचं काम. बूच मारलं की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फोडून येतं. पाण्याला येऊ द्यायचं, मातीला अडवायचं. त्यासाठी वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि तिच्यावर मोठी खडी असा उलटा फिल्टर लागतो.

"वाळू कुठून आणू ताई, या पावसात?"

शेजारून कुणीतरी म्हणालं, "माझ्या घरकुलाची पडली आहे ना." सरकारी घरकुलाच्या पायासाठी त्याने आणलेली सगळी वाळू आणि खडी दीड तासात डोक्यावरून बांधाखाली आली. पहिली वाळू खालून उसळणाऱ्या पाण्याच्या उकळीबरोबर उडून गेली. मग भोकाभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं केलं, आत पाणी गुडघाभर चढू दिलं, उकळी मंदावली आणि वाळू बसली. मी दादरला टेबलाशी उभी राहून फक्त बोलत होते. हात त्यांचे होते. शिपाईकाका फोन गरम झाला की पंख्यापुढे धरत आणि दुसऱ्या फोनवरून हवामानाचा इशारा वाचून दाखवत.

मधेच त्याच फोनवर बातमी आली की तुळशी तलाव भरून वाहू लागला. 1879 चा तलाव, 804.6 कोटी लिटरचा, मुंबईच्या सात तलावांतला सगळ्यात लहान. दरवर्षी या बातमीने मला आनंद होतो. त्या दिवशी मी 'ओसंडून' हा शब्दच पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

दोनची बाटली गढूळ. तीनची थोडी कमी. साडेचारची बाटली काकांनी काहीही न बोलता कॅमेऱ्यासमोर धरली. मी हलवायला सांगितली. तळातून काहीच वर आलं नाही. मी खुर्चीत बसले आणि लक्षात आलं, सकाळपासून पहिल्यांदाच बसते आहे.

पाड्यातली माणसं तीन रात्री शाळेत राहिली. चौथ्या दिवशी मी पोचले तेव्हा फिल्टरमधून येणारं पाणी नितळ होतं आणि खाली पुन्हा आवणी चालू होती. जाळी त्या वर्षी पुन्हा लागली नाही. ठेकेदाराने ती साठ्यात आत, सांडव्यापासून लांब बांधायचं कबूल केलं. डिसेंबरात पाणी उतरल्यावर भराव खणला, तेव्हा पाइपाच्या डाव्या बगलेत कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी सापडली, आणि तिच्यात उंबराची मुळं. ज्याची वाळू-खडी गेली, त्याला ती ग्रामपंचायतीने पुन्हा भरून दिली. त्यासाठी सरपंचताईंना चार चकरा माराव्या लागल्या.

त्या दिवसाच्या सगळ्या बाटल्या काकांनी पंपघराच्या फळीवर ओळीने ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि वेळ. साडेसातची मी मागितली होती, ऑफिसातल्या नव्या मुलांना दाखवायला. "ती नाही देणार ताई," म्हणाले. "पंप चालू करताना रोज बघतो मी तिला." मग मला एक रिकामी बाटली आणि वहीतल्या त्या पानाचा फोटो दिला.