लॅम्पमधला चटका सहन करायचा नसतो

"ताई, थोडं सहन करा, जेल सेट होतंय." नखांना जेल लावून हात लॅम्पमध्ये घातला की लग्नसराईत नाशिकच्या कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या पार्लरांत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते बंद व्हायला हवं. चटका बसला म्हणजे नखाला झेपणार नाही इतक्या वेगाने उष्णता बाहेर पडतेय. हा वेग जेल लावणाऱ्याच्या हातात असतो.

साध्या नेलपॉलिशमधलं द्रावण उडून जातं आणि ते वाळतं. जेलचं तसं नसतं. त्यात अ‍ॅक्रिलेटचे सुटे रेणू असतात आणि सोबत प्रकाश पडला की कामाला लागणारं फोटोइनिशिएटर. बहुतेक एलईडी लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात. तो पडला की रेणू एकमेकांना जोडले जातात आणि प्रत्येक जोडणीतून थोडी उष्णता सुटते. म्हणजे चटका मुख्यतः जेलमधूनच येतो. पुष्कळशा जोडण्या सुरुवातीच्या काही सेकंदांतच होऊन जातात, म्हणून कळ एकदम उठते आणि तशीच ओसरते.

जेल जितकं जाड तितकी उष्णता जास्त. रंगाच्या पातळ कोटने सहसा काही होत नाही. त्रास देतात ते नखाला जाडी देणारं बिल्डर जेल, हार्ड जेल आणि टिप (कृत्रिम नख) चिकटवायचं घट्ट जेल. त्यातही पारदर्शक बिल्डरमध्ये प्रकाश थेट तळापर्यंत जातो आणि सगळा थर एकदम पेटतो. अपेक्स (नखाच्या मधला उंचवटा) उभारण्यासाठी एकाच वेळी मोठा थेंब ठेवून पाचही बोटं लॅम्पमध्ये घातली, तर चटका ठरलेलाच. त्याऐवजी आधी जेलचा अगदी पातळ पहिला थर (स्लिप लेयर) लावून पूर्ण क्युअर करा, म्हणजे लॅम्पखाली कडक होऊ द्या. मग तांदळाच्या दाण्याएवढा थेंब घेऊन अपेक्स उभारा आणि क्युअर करा. कमी वाटलं तर पुन्हा तेवढाच. दोन पातळ थरांना दोनचार मिनिटं जास्त लागतात, पण क्लायंट हात मागे घेत नाही आणि अर्धवट क्युअर झालेलं जेलही राहत नाही.

दुसरं मोठं कारण लॅम्पमध्ये नसतं, नख घासायच्या फाइलमध्ये असतं. हाताचं नख जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचं. मागच्या वेळी कुणी जेल ओरबाडून काढलं असेल, किंवा क्युटिकलजवळ (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळ) ड्रिल दाबून धरलं असेल, तर तिथे लालसर खाच दिसते. त्या खाचेवर साधा बेस कोटही भाजतो. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे क्युटिकलजवळची ती पातळ जागा टोकाशी यायला महिने लागतात. जेल लावण्याआधी प्रत्येक नख बोटाने हलकंच दाबून बघा. दाबल्यावर दुखलं, किंवा नख कागदासारखं वाकलं, तर त्या बोटावर बिल्डर नको. पातळ बेस आणि रंग पुरे. शक्य असेल तर ते नख एक फेरी मोकळंच ठेवा. नैसर्गिक नखावर १८० ग्रिट (आकडा मोठा तितकी फाइल मऊ) किंवा त्याहून मऊ फाइल वापरायची आणि फक्त चमक घालवण्यापुरतीच. ८० आणि १०० ग्रिट जेलवर चालवा, नखावर कधीच नाही.

गोळ्यांचं एक विचारून घ्या. डॉक्सीसायक्लिनसारख्या काही औषधांनी नख प्रकाशाला हळवं होतं आणि त्वचेपासून सुटूही शकतं. असा कोर्स चालू असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला.

लॅम्प घेताना खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. तो आकडा नखापर्यंत नेमका किती प्रकाश पोचतो ते सांगत नाही. ऑनलाइन किंवा मेन रोडवरून घेतलेला जोरदार लॅम्प एका ब्रँडच्या जेलला फार तिखट पडू शकतो आणि दुसऱ्याच्या जेलला अपुरा. जेलच्या कंपनीने सांगितलेला लॅम्प आणि वेळ, दोन्ही पाळणं सगळ्यात खात्रीचं. बऱ्याच लॅम्पवर ९९ सेकंदांचं लो हीट बटण असतं. त्यात प्रकाश मंद सुरू होऊन हळूहळू वाढतो. बिल्डरसाठी ते वापरा.

ते बटण नसेल तर हाताने तेच साधता येतं. हात आधी लॅम्पच्या तोंडाशी धरा, दोन-तीन सेकंदांनी बाहेर घ्या, पाच-सहा सेकंद थांबा, मग थोडा आत न्या. असं तीन-चार वेळा केलं की पहिला जोर निघून जातो. त्यानंतर हात पूर्ण आत सपाट ठेवून सांगितलेली पूर्ण वेळ द्यायचीच. आधीचे सेकंद त्यातून वजा करायचे नाहीत. जाड ओव्हरले (नखावर चढवलेला जेलचा थर) असेल तर दोन-दोन बोटं घ्या. अंगठा वेगळाच करा, कारण चार बोटांबरोबर तो आडवा पडतो, जेल एका बाजूला वाहून साचतं आणि प्रकाशही नीट मिळत नाही.

चटका टाळायला वेळच कापणं हा उपाय सर्वात घातक. ६० सेकंदांच्या जागी ३० दिले की वरून नख कडक लागतं, पण आत सुटे अ‍ॅक्रिलेट राहतात. ते कातडीला लागत राहिले तर अ‍ॅलर्जी होऊ शकते: बोटांच्या टोकांना खाज, भेगा, पाणी भरलेले फोड. एकदा झालेली ही अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर सोडत नाही. दातांच्या फिलिंगमध्ये आणि हाडांच्या सिमेंटमध्येही याच कुळातले पदार्थ असतात, म्हणून ती हलक्यात घेऊ नये.

आपल्याकडच्या हवेचाही हिशोब धरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी निफाडची थंडी शहरातही शिरते, बाटलीतलं जेल घट्ट होतं, ब्रशवर गोळा येतो आणि नकळत थर जाड बसतो. बंद बाटली पिशवीत घालून पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. हीटरवर किंवा उन्हात नको. एप्रिल-मेमध्ये उलट. जेल पातळ होऊन कडेला वाहतं आणि कातडीवर क्युअर होतं. तेव्हा एका वेळी एकच नख घ्या आणि जेल पसरायच्या आत दोन सेकंद लॅम्पचा प्रकाश (फ्लॅश) देऊन जागेवर थांबवा.

सुरुवातीलाच सांगून ठेवा, "ताई, जरा जरी चटका वाटला तरी हात लगेच बाहेर काढा, विचारू नका." हात बाहेर आला की बोटांची टोकं थंड टेबलावर टेकवायची, कळ ओसरेपर्यंत थांबायचं आणि मग क्युअर पूर्ण करायचं. क्युअर अर्धं असताना हात पाण्यात बुडवू नका. दुसऱ्या दिवशीही नख ठणकत असेल, खाली पांढरा डाग किंवा पोकळी दिसत असेल, तर त्यावर नवं जेल चढवू नका. नख त्वचेपासून सुटलेलं असू शकतं, आणि ते त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायला हवं.