ऑर्चर्ड रोडवर जायफळाच्या शोधात

सिंगापूर मेट्रोच्या नकाशावर आईचं बोट एका नावापाशी थांबलं. "अगं, हे धोबी घाटच लिहिलंय ना?"

धोबी घाटच लिहिलं होतं. एकोणिसाव्या शतकात भारतातून आलेले धोबी इथल्या ओढ्यावर कपडे धूत आणि शेजारच्या मोकळ्या जागेत वाळत घालत. त्या जागेचं नाव स्टेशनाला राहिलं. आज तिथे मेट्रोच्या तीन लाइन एकत्र येतात. ऑर्चर्ड रोड हा सिंगापूरचा खरेदीचा प्रसिद्ध रस्ता बघायला येणारी बहुतेक मंडळी थेट ऑर्चर्ड स्टेशनवर उतरतात आणि वर येतात ती आयन मॉलच्या पोटातच. आम्ही मात्र आईच्या हट्टाने धोबी घाटला उतरलो आणि तिथून उलट चालत गेलो. आता मी सगळ्यांना हेच सांगते. हा रस्ता जेमतेम सव्वादोन किलोमीटरचा आहे. तो पायीच बघावा आणि धोबी घाटपासून बघावा.

एक गोष्ट मी निघण्यापूर्वी वाचून ठेवली होती. ऑर्चर्ड म्हणजे फळबाग, आणि १८३०च्या दशकात इथे खरोखरच बागा होत्या. मिरीच्या, फळांच्या आणि मुख्य म्हणजे जायफळाच्या. हे ऐकल्यापासून आईला मॉलपेक्षा जायफळाचीच ओढ लागली. श्रीखंडात, बासुंदीत तिने आयुष्यभर जायफळ किसलं, पण त्याची बाग कधी पाहिली नव्हती. "एखादं झाड तरी राहिलं असेल," ती म्हणाली. मला खात्री नव्हती.

स्टेशनाला लागूनच प्लाझा सिंगापुरा आहे. १९७४ सालचा हा मॉल या रस्त्यावरच्या पहिल्या मोठ्या मॉलपैकी. एसीत पाच मिनिटं घाम वाळवला आणि बाहेर पडलो. शेजारीच इस्ताना, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचं फाटक आहे. आत जाता येतं ते वर्षातल्या मोजक्याच दिवशी, दिवाळीसारख्या सणांच्या निमित्ताने. फाटकाच्या गजांमधून हिरवळ आणि दाट झाडी तेवढी दिसते. ही वास्तू १८६९ साली ब्रिटिश गव्हर्नरसाठी बांधून झाली, आणि त्याआधी ही सगळी टेकडी प्रिन्सेप नावाच्या इंग्रज मळेवाल्याची जायफळाची बाग होती. आई बराच वेळ गजांपाशी उभी राहून झाडं न्याहाळत होती.

पुढे सेंटरपॉइंट मॉलच्या अलीकडे-पलीकडे दुकानांच्या रांगा सुरू होतात आणि तिथेच उजव्या हाताला एक चढाची गल्ली लागते. एमराल्ड हिल. पन्नास पावलं आत गेलं की रस्त्याचा आवाज बंद पडल्यासारखा होतो. दोन्ही बाजूंना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पेरानाकान घरं आहेत, म्हणजे मलाय मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून इथलेच झालेल्या चिनी कुटुंबांची. फिकट रंगांच्या भिंती, लाकडी झडपांच्या खिडक्या, नक्षीच्या फरशा. मुख्य दाराच्या पुढे अर्ध्या उंचीचं कोरीव जोडदार असतं, त्याला तिथे पिंटू पगार म्हणतात. मोठं दार उघडं ठेवून वारा आत घ्यायचा, पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला आडोसा राहतो. आईला ही युक्ती इतकी आवडली की तिने तीन वेगवेगळ्या दारांचे फोटो काढायला लावले.

ही टेकडीसुद्धा जायफळाचीच. विल्यम कपेज नावाच्या पोस्टातल्या माणसाने इथे बाग लावली होती, आणि शेजारच्या कपेज रोडला त्याचंच नाव आहे. मग १८५०च्या दशकात सिंगापूरभरच्या जायफळांना रोग लागला आणि काही वर्षांत बागाच्या बागा वाळून गेल्या. जमिनी विकल्या गेल्या, त्यावर बंगले आले, मग घरं, मग दुकानं. म्हणजे हा रस्ता बाजार व्हायला सुरुवात झाली ती एका झाडाच्या मरणापासून, असं मला तरी वाटतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती फक्त "अरेरे" म्हणाली.

परत मोठ्या रस्त्यावर आलो. फूटपाथ इतका रुंद की चार माणसं हातात हात घालून चालतील, आणि डोक्यावर रेन ट्री आणि अंगसाना या झाडांची सलग सावली. अंगसाना हा आपल्या बिबळ्याचा भाऊबंद. विषुववृत्तापासून इतक्या जवळ भर दुपारी आई चालू शकली ती या झाडांमुळे. ऑर्चर्ड गेटवे मॉलच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर सरकारी वाचनालय लागलं. इतक्या महाग भाड्याच्या जागेत, कपड्यांच्या दुकानांच्या डोक्यावर वाचनालय! मुलं जमिनीवर बसून वाचत होती. त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या मॉलमधला हा मजला मला सर्वांत श्रीमंत वाटला.

फूटपाथवरच एक म्हातारे आजोबा छत्री लावलेल्या गाडीवर आइस्क्रीम विकत होते. लांबट वडीतून सुरीने जाड तुकडा कापतात आणि गुलाबी-हिरव्या रंगाच्या पावात गुंडाळून हातात देतात. दोन डॉलर. पावात आइस्क्रीम ही कल्पना आईला आधी पटली नाही, म्हणून तिने वेफर मागितलं आणि माझ्या पावातलं अर्धं खाल्लं. मक्याची चव घ्या, चांगली असते.

न्गी आन सिटी ही तांबूस दगडाची भलीमोठी जोड इमारत १९९३ साली उघडली. आत ताकाशिमाया हे जपानी डिपार्टमेंट स्टोअर आणि किनोकुनिया हे पुस्तकांचं अवाढव्य दुकान आहे. पुस्तकांत माझा दीड तास गेला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही जागा मूळची स्मशानभूमी. तेओचू चिनी समाजाची न्गी आन कोंगसी ही संस्था १८४५ सालची, आणि त्यांची दफनभूमी इथे होती. १९५०च्या दशकात कबरी हलवण्यात आल्या. जमीन संस्थेने विकली नाही.

याच दफनभूमीसमोर टँग्ज हे डिपार्टमेंट स्टोअर उभं राहिलं. चून केंग टँग हा तरुण १९२३ साली चीनमधल्या स्वाटाऊहून लेसने भरलेल्या पेट्या घेऊन इथे आला आणि दारोदार विकू लागला. १९५८ साली त्याने इथे जागा घेतली. समोर कबरी असलेली जागा लोकांना अशुभ वाटायची. टँगने हेरलं की टँगलिन भागात राहणारी इंग्रज कुटुंबं शहरात जाताना याच रस्त्याने जातात. दारोदार फिरलेल्या माणसाला गिऱ्हाइकाची वाट बरोबर ठाऊक होती. आज तिथल्या हॉटेलचं हिरव्या कौलांचं चिनी छप्पर लांबूनच दिसतं.

शेजारचा लकी प्लाझा १९७८ सालचा. आम्ही गेलो तो रविवार होता. जिन्यांवर, कठड्यांवर, बाहेरच्या फूटपाथवर फिलिपिनो बायका घोळक्याने बसलेल्या. सिंगापूरच्या घरांत आठवडाभर राबणाऱ्या या बायकांचा हा सुटीचा दिवस. पैसे पाठवण्याच्या काउंटरपुढे रांगा होत्या, आणि खोक्यांत साबण, चॉकलेट, लहान मुलांचे कपडे भरून गावी पाठवायची लगबग चालली होती. एक जण फोनवर व्हिडिओ कॉल लावून नवा फ्रॉक कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होती आणि पलीकडून बारीक आवाजात किंचाळणं ऐकू येत होतं. आई माझा हात धरून तिथेच थांबली. इतर मॉलमध्ये आम्ही वस्तू पाहिल्या, पण खरेदी कशासाठी असते ते मला इथे दिसलं.

खरेदीचं एक सांगून ठेवते. एका दुकानात एका दिवसात किमान शंभर सिंगापूर डॉलरची खरेदी झाली तर पर्यटकांना जीएसटी परत मिळू शकतो. त्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा आणि पैसे देतानाच विचारा.

तेवढ्यात पाऊस कोसळला. समोरचं दिसेना. आयनकडे जायला इथे रस्ता वरून ओलांडता येत नाही, भुयारी मार्गानेच जायचं. उतरता उतरता आईने विचारलं, "एवढं पाणी जातं कुठे?" आपल्या पायांखालूनच जातं. धोब्यांचा तो ओढा बांधून काढला, झाकला, त्याचा स्टॅमफर्ड कालवा झाला, आणि त्यावरून लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन चालतात. १६ जून २०१० रोजी तो पाणी पेलू शकला नाही आणि दुकानांच्या तळघरांत पाणी शिरलं. त्यानंतर रस्ता सरासरी तीस सेंटिमीटरने उंच केला, आणि बोटॅनिक गार्डन्सपाशी जमिनीखाली ३८,००० घनमीटर पाणी मावेल अशी टाकी बांधली. ती २०१८ साली पुरी झाली.

आयन २००९ सालचा. काचेचा, वळणावळणाचा, जमिनीखालीही अनेक मजले. आत जगातल्या सगळ्या महागड्या नावांच्या पाट्या आहेत. आम्ही पाऊस थांबेपर्यंत फिरलो आणि बाहेरच्या चौकात आलो.

"अगं, हे बघ!"

आई जवळजवळ पळतच गेली. चौकात ब्राँझचं प्रचंड जायफळ होतं, भोवती जायपत्रीची जाळी. कुमारी नाहाप्पन या शिल्पकर्तीचं हे काम. पावसाने सगळं ओलं झालं होतं, थेंब जाळीवरून ओघळत होते. येणारे-जाणारे त्याच्या बाजूने मेट्रोकडे घाईने निघाले होते. आईने पदराने एका जागचं पाणी टिपलं, तळवा टेकवला आणि म्हणाली, "पत्री अशीच असते. अगदी अशीच, घट्ट धरून बसते. आता काढ फोटो."