टक्के उतरायला लागले की…

फोनचं मोठं अपडेट रात्री लावून झोपावं आणि सकाळी नव्या फोनसह उठावं, अशी एक भाबडी आशा असते. सकाळी बघावं तर आयकॉन जरा गुटगुटीत झालेत, घड्याळाचे आकडे जाड झालेत आणि नाष्टा होईपर्यंत बॅटरीचे शंभराचे सत्तर टक्के झालेत. वर फोन खिशात ठेवला तरी मांडीला गरम लागतोय.

मग सल्ले सुरू होतात. कोल्हापुरात सल्ल्याला तोटा नाही. गाडी बंद पडली तर उद्यमनगरला पोचायच्या आधी रस्त्यावरच तिची निम्मी खोलाखोल झालेली असते. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या घोळक्यात फोनचाही तसाच पंचनामा झाला. एकाचं ठाम मत, कंपनीनं मुद्दाम केलंय, नवा घ्यायला लावायला. दुसरा म्हणाला, "भावा, फॉरमॅट मार आणि सोड विषय." वीज मंडळातनं निवृत्त झालेले एक काका आहेत. ते काही बोललेच नाहीत. फोन मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवला, उघडी असलेली सगळी ॲप्स अंगठ्यानं एकेक करून वर उडवली आणि "हं, आता बघा" म्हणून परत दिला. त्या "हं"मध्ये इतका विश्वास होता की दोन टक्के वाढल्यासारखं वाटलं.

नेमका इलाज मिळाला तो लक्ष्मीपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात. टेबलावर निळी रबरी मॅट, तिच्यावर डोळ्यांना धड न दिसणारे स्क्रू, बाजूला कुणाचीतरी फुगलेली बॅटरी. पोरानं मान वर न करताच विचारलं, "अपडेट कवा मारलं?"

"परवा."

"मग थांबा की चार दिस. आतनं काम चाललंय त्याचं. बॅटरी बदलायची घाई करू नकासा."

गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला "थांबा" म्हणणारा दुकानदार मिळणं ही बॅटरीपेक्षा मोठी बातमी आहे, पण ते असो.

हे आतलं काम खरंच असतं. अँड्रॉइडमध्ये सिस्टीम बदलली की ॲपांचा कोड त्या फोनसाठी नव्यानं तयार करून ठेवावा लागतो. फोटोंची यादी पुन्हा लागते, चेहरे पुन्हा ओळखले जातात. आमच्या गॅलरीत निम्मी लग्नं-बारशी आणि निम्मी "शुभ सकाळ"ची फुलं, तेव्हा त्या बिचाऱ्याला किती उपसावं लागत असेल! त्यात ॲपवालेही आपापली नवी आवृत्ती पाठवतात. यातलं बरंचसं काम फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवलेला असताना उरकायचं असतं. आपण मात्र नवीन काय आलंय ते बघायला त्याला हातातनं सोडत नाही, आणि स्क्रीनसारखं खादाड तर फोनमध्ये फारसं काही नसतं. काकांचा इलाजही उलटाच पडतो. उडवलेलं ॲप पुन्हा उघडताना पहिल्यापासून चढवावं लागतं, त्यात वीज जास्तच जाते. 2025 मध्ये आयफोनचं आयओएस 26 आलं तेव्हा ॲपलनं तर आपल्या मदतीच्या पानावर लिहूनच टाकलं की मोठ्या अपडेटनंतर काही काळ बॅटरीवर आणि तापण्यावर परिणाम जाणवू शकतो, हे नेहमीचंच आहे.

तरी "मुद्दाम केलंय"वाल्याला अगदीच झटकून टाकता येत नाही. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलनं कबूल केलं होतं की बॅटरी थकलेले जुने आयफोन अपडेटमधून मंद केले जातात, अचानक बंद पडू नयेत म्हणून. पुढं माफी मागितली, बॅटरी बदलायचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणला, आणि 2020 मध्ये फ्रान्सनं अडीच कोटी युरोंचा दंड ठोकला तो वेगळाच. म्हणजे भानगड होती, पण बॅटरी संपवण्याची नव्हे, फोन बंद पडण्यापासून वाचवण्याची, आणि तीही न सांगता. न सांगता केलं की माणूस कायमचा संशयी होतो, यात त्याचा काय दोष?

आकड्यावर नजर ठेवायला आम्हा कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी पोराटोरांना पाठ असते. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. नुसतं "किती झाली?" म्हटलं तरी समोरच्याला कळतं. पण मुरलेला माणूस तेवढ्यावर थांबत नाही. तासाला किती इंच चढतंय आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडलेत, ते विचारतो. बॅटरीलाही हाच हिशेब लावावा. किती टक्के उरले यापेक्षा उतार कसा आहे ते बघावं. दिवसागणिक मंदावत असेल तर काम आटपत आलंय. आठवडा उलटला तरी तसाच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन कोण किती खातंय ते तपासावं. बऱ्याचदा नव्या सिस्टीमशी न जुळलेलं एखादं ॲप सापडतं, नाहीतर बॅटरीचंच वय झालेलं असतं आणि आळ अपडेटवर येतो. बंधाऱ्यावर निदान पट्टी तरी आहे. फोनवरचा टक्का म्हणजे व्होल्टेज, करंट, तापमान बघून बांधलेला अंदाज.

हे कळलं तरी 2019 च्या महापुरात अंधारात बसून फोन जपून वापरलेल्या माणसाच्या पोटात 30 टक्के बघून गोळा येतोच. तिथं शहाणपण चालत नाही.

माझ्या फोनचा उतार आता मंदावलाय. रंकाळ्यावर ही बातमी सांगितली तर काकांनी मान डोलावली. "मी ॲपं बंद केली हुती न्हवं?" म्हणाले, आणि शेजारच्याचा फोन मागून घेतला.